अकरा बदक, तीन मासा

लेनर्ड पिंचबेकला या सगळ्यातून काय मिळणार होतं, त्याचा हिशेब आधीच मांडून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्या डोक्याबद्दल कोणाला शंका यायला नको. मिळणार होती एक किल्ली. टॅम्सी नदीच्या काठी एक लाकडी फाटक आहे, त्याची. फाटकाच्या दोन्ही बाजूंचं कुंपण केव्हाच मोडलंय आणि गाई तिथून विनाकिल्ली ये-जा करतात, पण गाईंची गोष्ट वेगळी. फाटकाच्या आत एक खोपटं, खोपटात एक बाक, आणि त्या बाकाला ओल्या कुत्र्याचा वास. त्या बाकावर बसायचा हक्क मिळणार होता. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, कर्नल ॲस्टली त्याला 'मिस्टर पिंचबेक' म्हणायचे ते नुसतं 'पिंचबेक' म्हणणार होते.

आमच्या नेदर कोम्बमध्ये 'मिस्टर' हा मान नाही, कुंपण आहे. नळ दुरुस्त करायला येतो तो मिस्टर. विमा विकायला येतो तो मिस्टर. माणूस आपला झाला की नुसतं आडनाव, आणि फारच आपला झाला की कुत्र्याला शोभेल असं एखादं लाडाचं नाव. लेनर्ड स्विंडनच्या गृहकर्जाच्या कचेरीतून उपव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाला आणि बायकोला, मॉरीनला घेऊन गावात राहायला आला, त्याला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत कुंपणाची एक फळीही हलली नव्हती.

टॅम्सीवर मासेमारीचा क्लब आहे. सभासद बारा, तेरावा घेत नाहीत. सभासदाला तिथे, गळाच्या काठीवरून, 'काठी' म्हणतात. म्हणून फेब्रुवारीत ॲडमिरल बायवॉटर वारले तेव्हा 'बिचारे गेले' असं कोणी म्हटलं नाही. 'एक काठी मोकळी झाली' असं म्हणाले, आणि मग टोपी काढली.

या मोकळ्या काठीवर दोघांचा डोळा होता. एक लेनर्ड. दुसरा रूपर्ट हॅलोज, शेजारच्या बाजारगावचा दंतवैद्य. हॅलोज चार वर्षं क्लबातल्या मंडळींचे दात शनिवारी सकाळी, दवाखाना बंद असताना, चहापाण्याच्या गप्पांत तपासून देत होता. लेनर्डकडे देण्यासारखं तसं काहीच नव्हतं. क्लबातल्या कर्नल ॲस्टलींच्या घरावर कर्जही नव्हतं.

एका रविवारी चर्चहून येताना पुलावर कर्नल भेटले. पाण्याकडे बघत म्हणाले, "काय मिस्टर पिंचबेक, दिसतंय का काही?"

लेनर्डने उत्साहाने सांगितलं, "हो तर. सकाळपासून अकरा बदकं दिसली. आणि तीन मासे, चांगले हातभर."

कर्नलनी पाण्यावरची नजर काढली. मग म्हणाले, "असं का, मिस्टर पिंचबेक," आणि निघून गेले. या दुसऱ्या 'मिस्टर'चं वजन पहिल्यापेक्षा जास्त होतं, एवढं लेनर्डलाही कळलं. का, ते मात्र कळेना. बदकं अकराच होती. त्याने दोनदा मोजली होती.

शेजारी केन टॅपर. याने आयुष्यभर मोटार शिकवण्याचा धंदा केला, त्यामुळे दुसऱ्याच्या चुकीआधी अर्धा सेकंद पाय दाबायची त्याला सवय. शिवाय मोठ्या घरांच्या शिकारीच्या जेवणावळीत तो दारू ओतायला जायचा आणि ओतताना ऐकायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"लेन, तुझं वाटोळं झालं. तू अनेकवचन केलंस."

"अकरा होती, केन."

"अकरा असू देत की अकराशे. ती माणसं 'बदकं' म्हणत नाहीत. 'अकरा बदक' म्हणतात. 'तीन मासा' म्हणतात."

इंग्रजी अनेकवचन हा प्रकार मुळातच बेभरवशाचा. शब्दाच्या शेपटीला 'स्' जोडला की झालं, असं शाळेत सांगतात. मग तोच मास्तर हळूच सांगतो की 'माउस'चे 'माइस' होतात, पण 'हाउस'चे 'हाइस' होत नाहीत. दोन 'ऑक्स' म्हणजे 'ऑक्सन', पण दोन 'बॉक्स' म्हणजे 'बॉक्सन' नव्हे. त्यात काळाप्रमाणे चालीरीती बदलतात ते निराळंच. आमच्याच भागात म्हातारे लोक घरांना 'हाउझन' म्हणायचे, आता तसं म्हटलं तर पोरं हसतात. आपण तरी कुठले साव. पेढा दोन झाला की पेढे, आणि लाडू शंभर झाले तरी लाडूच. पण लाडवावरून कोणी कोणाचं कुळ ओळखत नाही. इथे ओळखतात. ज्यांच्या घरी चार पिढ्या बंदुका टांगलेल्या, ते शेपटीचा 'स्' खाऊन टाकतात. आपण सोयीसाठी हे मराठीतच चालवू: तुम्ही-आम्ही 'तीन मासे' म्हणायचं, आणि त्यांनी 'तीन मासा'.

"नियम काय पण?" लेनर्डने विचारलं. कचेरीत त्याचा सगळा जन्म नियमांवर गेला होता.

केन म्हणाला, "सोपं आहे. ज्याला मारायचं त्याला अनेकवचन नाही. ज्याला नुसतं बघायचं त्याला आहे. ससा मारतात, म्हणून 'सहा ससा'. गाय बघतात, म्हणून 'सहा गाई'."

"आणि उंदीर?"

"उंदीर नगरपालिका मारते. त्याचं धरू नकोस."

"शिकारी कुत्रे?"

"ते जोडीने मोजतात. सतरा कुत्रे असले तर साडेआठ जोडी. उरलेल्या अर्ध्या जोडीला तोंड कुठे आणि शेपूट कुठे, ते विचारायचं नाही."

लेनर्डने दुसऱ्या दिवसापासून सरावाला सुरुवात केली. माणसाला नवी चप्पल मिळाली की तो घरातही घालून हिंडतो, तसं झालं. नाश्त्याला तो म्हणाला, "मॉरीन, आज मला दोन अंडं दे."

मॉरीन यॉर्कशरची, म्हणजे तोंडाने रोखठोक. तिने तवा खाली ठेवला. "एक हवं की दोन?"

"दोन. दोन अंडं."

"लेनर्ड, अंड्याला तू कधीपासून गोळी घालायला लागलास?" याचा अर्थ केनने कुंपणावरून तिलाही नियम सांगून ठेवला होता. "उद्या म्हणशील, मॉरीन, माझे दोन मोजा दे. एकच देईन, सांगून ठेवते. दुसरा पाय गार पडू दे."

पण बाहेर या सरावाचं फळ दिसू लागलं, आणि तेही भलत्याच वाटेने. चुकून अनेकवचन निसटेल या धास्तीने लेनर्ड बोलायचाच कमी झाला. एरवी कर्जाच्या हप्त्यावर पाऊण तास बोलणारा माणूस, तो आता पुलावर उभा राहून नुसतं "हं" म्हणायचा, आणि फारच आग्रह झाला तर, "सहा बदक. वरच्या अंगाला." लोकांना वाटलं, नदीवरचा जुना माणूस आहे. अशी माणसं कमीच बोलतात.

क्लबाच्या अध्यक्षा मिसेस डॅफ्नी व्हिन्स. नदीचा तो तुकडा त्यांच्या आजोबांचा, म्हणून अध्यक्षपणही वारसाने आलेलं. त्यांच्या बागेत शेरी प्यायला बोलावणं आलं, तेव्हा मात्र घोटाळा व्हायचा तो झालाच. त्यांनी सहज विचारलं, "रविवारी येताय का मग, चर्चच्या जेवणाला?"

लेनर्ड घाबरून म्हणाला, "जमणार नाही. मॉरीनच्या माहेरचा तीन पाहुणा येतोय."

शब्द तोंडातून गेला आणि त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कर्नल त्याच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. शेरी सांडली. "तीन पाहुणा," ते डोळे पुसत म्हणाले. "डॅफ्नी, ऐकलंस का? तीन पाहुणा. शिकारीसारखे जोडी करून टांगायला हवेत." त्या संध्याकाळी गावातल्या तीन मोठ्या घरांत हा विनोद सांगितला गेला, आणि आयुष्यात कधी विनोद न केलेला लेनर्ड पिंचबेक विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध झाला. मॉरीनच्या माहेरच्यांना हे कोणी कळवलं नाही, हे बरं झालं. ती खरोखर तीन होती आणि आठवडाभर राहिली.

आता राहिला गळ टाकण्याचा परवाना. तो पोस्टात मिळतो, आणि आमच्या पोस्टात मिस टिडी बसतात. त्यांच्या खिडकीत टाकलेलं पत्र लंडनला कधी पोचेल सांगता येत नाही, पण बातमी गावभर दुपारपर्यंत पोचते. अर्जात एक रकाना होता: आधीच्या परवान्याचा क्रमांक. लेनर्डने जन्मात गळ धरला नव्हता. तो रकाना मिस टिडींसमोर कोरा सोडणं म्हणजे चर्चच्या घंटेवर चढून कबुलीजबाब देणं. म्हणून तो बस पकडून बाजारगावच्या पोस्टात गेला. तिथला कारकून फार सभ्य होता. त्याने अर्ज घेतला, पत्ता वाचला आणि म्हणाला, "तुमचं पोस्ट नेदर कोम्ब. कागद तिकडेच पाठवतो, म्हणजे तुम्हाला हेलपाटा नको."

गुरुवारी पेन्शनच्या रांगेत मिस टिडींनी चष्म्यावरून बघितलं. "मिस्टर पिंचबेक, मागचा क्रमांक लिहायचा राहिलाय."

रांगेत मागे मिसेस व्हिन्स उभ्या होत्या.

"हरवला," लेनर्ड म्हणाला.

"कुठे?"

लेनर्डला घाईत एकच जागा आठवली जिथे त्याची काहीतरी वस्तू खरोखर हरवली होती. बारा वर्षांपूर्वी एका लग्नाला गेला असताना छत्री. "स्कॉटलंडात," तो म्हणाला.

मिस टिडींनी रकान्यात 'हरवला, स्कॉटलंड' असं लिहून शिक्का मारला. आमच्या गावात कोणाला सरळ प्रश्न विचारणं हे खिशात हात घालण्याइतकंच असभ्य. त्यामुळे पुढचं गावाने आपलं आपणच भरून काढलं. शनिवारपर्यंत लेनर्डचा स्कॉटलंडात एक काका झाला होता, काकाची नदी झाली होती, आणि त्या नदीवर लेनर्डने बालपणी काय काय मारलं, तेही ठरलं होतं. लेनर्डला कोणी विचारलं नाही, म्हणून त्यालाही नाही म्हणायची सोय उरली नाही.

आणि मे महिन्याच्या शेवटी चिठ्ठी आली. नदीवर माश्या उठायला लागल्या आहेत, त्या खायला मासे वर येतायत, एखाद्या संध्याकाळी काठी घेऊन या, मिस्टर हॅलोजही येतायत. परीक्षा हा शब्द कुठेच नव्हता. तो नसला की समजायचं, परीक्षाच आहे.

"मी शिकवतो," केन म्हणाला. "त्यात काय आहे?"

केन कालव्यावर गळ टाकणारा माणूस. आमिष म्हणून त्याने अळ्या आणल्या आणि लेनर्डच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. मॉरीनने रविवारी सकाळी तोच डबा उघडला आणि टोस्टवर सुरी फिरवायच्या आधी सुदैवाने चष्मा लावला.

"घाबरू नकोस," लेनर्ड दारातून म्हणाला. "चाळीस अळी आहे फक्त."

"एक असो की चाळीस, ती अळी जिथे जेवेल तिथे तू जेवायचंस," मॉरीन म्हणाली. रविवारचं भाजलेलं मांस त्या दिवशी तिने एकटीने खाल्लं.

वर कळलं की टॅम्सीवर अळी चालतच नाही. तिथे पिसांची खोटी माशी करून तीच पाण्यावर तरंगवायची, नाहीतर माणूस रानटी ठरतो. मग हिरवळीवर माशीचा सराव सुरू झाला. काठी मागे न्यायची, थांबायचं, पुढे फेकायची. केन मागे उभा राहून ओरडायचा, "आता क्लच सोड, लेन." पहिल्या फेकीत मॉरीनचा टेबलक्लॉथ दोरीवरून उतरला. दुसरीत शेजारच्या बाईंची जिरेनियमची कुंडी पडली. तिसरीत माशी केनच्या कानाच्या पाळीत अडकली आणि ती काढायला डॉक्टरकडे जावं लागलं. डॉक्टरने विचारलं, कुठली माशी? केनला तेवढंच बरं वाटलं, की निदान कोणीतरी त्यांना मासेमार समजलं.

परीक्षेच्या संध्याकाळी बाराऐवजी अकरा काठ्या खोपटासमोर शेरी घेऊन उभ्या होत्या. लेनर्ड आपली माशी पुन्हा पुन्हा तपासत होता. सहा वर्षं, आणि आता अर्ध्या तासात सगळं ठरणार. घरी परत जाताना तो एकतर पिंचबेक असणार होता, नाहीतर मरेपर्यंत मिस्टर.

हॅलोजने आधी फेकलं. काय हात होता त्या माणसाचा. दोरी हवेत अशी उलगडायची की बघणाऱ्याने श्वास रोखावा. माशी पाण्यावर टेकली न टेकली तोच मासा. मिसेस व्हिन्सचा पेला अर्धा व्हायच्या आत त्याने दोन जोडी काढली. बोलण्यातही कुठे खोट नाही. "गेल्या साली पलीकडच्या खोऱ्यात मी एकशे चाळीस ट्राउट काढला," तो नम्रपणे म्हणाला. शेपटी नाही, काही नाही. लेनर्डचं उरलंसुरलं धैर्य बुटात उतरलं.

पण लेनर्डने तेव्हा मंडळींच्या तोंडांकडे बघितलं नाही. ती गणित करत होती. टॅम्सीत मोठे ट्राउट मासे म्हणाल तर तीसेक. त्यातल्या निम्म्यांना नावं होती. एकशे चाळीस भागिले तीस, हे कर्नललाही तोंडी येत होतं.

तेवढ्यात हॅलोजने पुलाखाली माशी टाकली आणि बिशप वर आला. बिशप म्हणजे पुलाखालचा पाच रत्तली म्हातारा ट्राउट. कर्नल नऊ वर्षं त्याच्या मागे होते. नऊ वर्षांत त्यांनी त्याला पकडला नव्हता, आणि त्या न पकडण्याच्या गोष्टींवर त्यांचा प्रत्येक हिवाळा निघत होता. हॅलोजने त्याला सात मिनिटांत जाळीत घेतलं, वजन केलं, सगळ्यांना दाखवलं आणि पाण्यात परत सोडलं.

"सुंदर," मिसेस व्हिन्स म्हणाल्या.

"फारच सुंदर," कर्नल म्हणाले. त्यांचा आवाज शेजारची काठी गेल्यावर येतो तसा आला.

मग लेनर्ड पुढे झाला. काठी मागे नेली, थांबला, मनात क्लच सोडला आणि पुढे फेकली. दोरीबरोबर कर्नलची टोपी गेली. ती नदीत पडली आणि प्रवाहाला लागली. टोपी धरायला लेनर्ड एक पाऊल पुढे गेला. काठ तिथे संपत होता.

छातीभर गार पाण्यात, हातात टोपी धरून तो उभा राहिला. वर अकरा काठ्या त्याच्याकडे बघत होत्या. सर्व काही गेलं हे त्याला समजलं होतं, आणि गेलंच आहे तर निदान अनेकवचन तरी करायचं नाही, एवढी शुद्ध त्याला होती. पायात लांबच लांब काहीतरी गुंडाळलं जात होतं. तो म्हणाला, "शेवाळ फार झालंय इथे."

मिसेस व्हिन्स कर्नलकडे बघत होत्या, आणि कर्नल मिसेस व्हिन्सकडे. हा माणूस एकही मासा पकडणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. बोलतो कमी, बोलतो तेव्हा बरोबर बोलतो. आणि न सांगता पाण्यात उतरतो.

कर्नल वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. "वर ये, पिंचबेक," ते म्हणाले. "थंडी भरेल तुला."

हॅलोजला क्लबाने अतिशय सभ्य पत्र लिहिलं. त्यात त्याच्या हाताची स्तुती दोन परिच्छेद होती.

लेनर्डचे महिनाभर भुईला पाय लागत नव्हते. पुढे जुलै उजाडला आणि लागले, तेही नदीच्या तळाला. झालं असं, की क्लबात एक प्रथा आहे, जी निवड झाल्यावरच कळते. नदीतलं शेवाळ विळ्याने कापायचं असतं आणि ते काम सर्वांत नव्या काठीचं. सर्वांत नवा माणूस नवा केव्हापर्यंत? पुढचा कोणी वारेपर्यंत. आणि सभासद मंडळी तर काठावर बसून छान टुणटुणीत दिसत होती. आणि नव्या काठीच्या बायकोने त्या दिवशी सगळ्यांचा चहा करायचा असतो.

"बाराजणांचा?" मॉरीनने विचारलं.

"बारा माणूस," लेनर्ड म्हणाला.

मॉरीनने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तिने आईची जुनी कढई काढली आणि यॉर्कशरच्या पद्धतीने काकवीची टॉफी केली. काळीभोर, चकचकीत, फोडायला हातोडी लागते अशी. मंडळींना फार आवडली. कर्नलनी तीन तुकडे घेतले. मुद्दाम केलं का, असं मॉरीनला अजून कोणी विचारलेलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.

पहिला कडकन आवाज कर्नलच्या डाव्या दाढेचा झाला. खोपटातल्या सगळ्यांना वाटलं, बाक मोडला. मग मिसेस व्हिन्स तोंडाशी रुमाल धरून उठल्या. संध्याकाळपर्यंत निम्मा क्लब गालाला हात लावून बसला होता, आणि तेव्हा कुठे कोणाच्या तरी ध्यानात आलं की तीस मैलांत दंतवैद्य एकच.

हॅलोज कोणालाही टाकून बोलला नाही. तो सगळ्यांना अतिशय गोड आवाजात म्हणाला, "शनिवारी आता मला जमत नाही, मासे पकडायला जातो. पुढच्या सोमवारी या, नेहमीच्या दराने." आणि मासे म्हणताना त्याने शेपटी लांबलचक, सावकाश उच्चारली. तोंडात भूल दिलेली असल्याने कर्नलना काही म्हणता आलं नाही.

तेव्हा हिशेब असा मिटला. केन टॅपरने कानाची पाळी दिली. ती भरून आली, आणि चतुर्थीला-अमावस्येला नाही तरी शुक्रवारी दारूच्या गुत्त्यात तो ती दाखवून एखादा पेला मिळवतो, म्हणजे फायद्यातच. मॉरीनने काही भरलं नाही. उलट पुढच्या वर्षीपासून चहा घरून आणू नये, असा ठराव क्लबाने एकमताने केला. कर्नल ॲस्टलींनी दाढ आणि तिच्या शेजारची अर्धी भरली. मिसेस व्हिन्सनी पुढचे दोन. बाकीच्यांनी मिळून सात. एवढ्या कवळ्या आणि दातांच्या टोप्या बसवून हॅलोजकडे जे जमलं, त्यातून त्याने शरदात क्लबाच्या वरच्या अंगाला, जिथून मासे खाली येतात, तिथलाच नदीचा अर्धा मैल विकत घेतला. आणि त्या खरेदीला पिंचबेककडूनही हातभार लागला. त्याची एकच गेली, पण मुळासकट. अक्कलदाढ.